मद्रासची वाळू, लंडनची शाळा आणि आमचं वऱ्हाड

आधी एवढं सांगून टाकतो, नाहीतर पोटात राहणार नाही. इंग्लंडमध्ये अँग्लिकन चर्चने गोरगरिबांच्या पोरांसाठी गावोगाव शाळा काढल्या, आणि त्या शाळांत शिकवायची जी रीत वापरली ती आपल्याकडून गेलेली होती! आपल्याकडून म्हणजे काशीहून नाही, नालंद्याहून नाही, कुठल्या पोथीतूनही नाही. ओसरीवर वाळू पसरायची, पोरांनी त्यात बोटाने अक्षरं गिरवायची आणि मोठ्या पोराने लहान पोराचा हात धरायचा, अशा साध्या गावठी शाळेतून. तिथून ती उचलली एका पाद्र्याने, मद्रासेत, अठराव्या शतकाच्या शेवटी. आज इंग्लंडमधल्या दर चार प्राथमिक शाळांमागे साधारण एक शाळा चर्च ऑफ इंग्लंडची आहे. साडेचार हजारांवर शाळा, दहा लाखांच्या आसपास मुलं. हे मला पन्नाशी उलटेपर्यंत कोणी सांगितलं नाही, याचा जरा रागच आला आहे.

चर्च आणि शाळा म्हटलं की आम्हा अकोला-अमरावतीकडच्या माणसांच्या डोळ्यांपुढे कॉन्व्हेंट उभं राहतं. आमच्याकडे कुठल्याही इंग्रजी बालवाडीला कॉन्व्हेंटच म्हणतात, मग ती गल्लीतल्या देशमुखांच्या माडीवर का भरेना आणि भिंतीवर गजानन महाराजांची तसबीर का असेना. खरी कॉन्व्हेंटं रोमन कॅथलिक सिस्टरांची. अँग्लिकन चर्च ते नव्हे. आठव्या हेन्रीने पोपशी काडीमोड घेऊन १५३४ साली स्वतःला इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख करून घेतलं, ते हे चर्च. म्हणजे राजाचं, सरकारी चर्च. आपल्याकडे कंपनीच्या आणि पुढे राणीच्या नोकरीत पगारी पाद्री असायचे ते याच चर्चचे. त्यामुळे वऱ्हाडात त्याचा संबंध आला तो कलेक्टर, पलटण आणि रेल्वे यांच्या मागोमाग. पोरांना शिकवण्याचं मिशनरी काम इकडे केलं ते दुसऱ्यांनी: नागपुरात स्कॉटिश मिशनच्या हिस्लॉपने, अकोल्यात अमेरिकन अलायन्स मिशनने. म्हणून मी इतकी वर्षं समजत होतो की अँग्लिकन चर्चचं आणि आमच्या शाळेचं काही देणंघेणं नाही.

आणि मग धरमपाल हातात आले.

धरमपाल म्हणजे गांधीवादी इतिहासकार. अखेरची वर्षं सेवाग्रामला राहिले, २००६ साली तिथेच वारले. म्हणजे आमच्यापासून काही तासांच्या अंतरावर हा माणूस बसलेला होता आणि आम्ही वर्ध्याला जाऊन गोरस पाक घेऊन परत येत होतो! त्यांचं ‘द ब्युटिफुल ट्री’ हे पुस्तक १९८३ चं. इंग्रज येण्याआधी आपल्याकडे गावशाळा किती होत्या आणि त्यांत कोण शिकत होतं, याची इंग्रज कलेक्टरांनीच १८२० च्या दशकात मद्रास इलाख्यात गोळा केलेली माहिती त्यांनी छापली. गांधीजींनी १९३१ साली लंडनच्या भाषणात भारतीय शिक्षणाच्या ज्या सुंदर झाडाचा उल्लेख केला होता, त्यावरून पुस्तकाला नाव दिलं. पुस्तकातलं सगळंच मला पटलं असं नाही, त्याचं पुढे सांगतो. पण प्रस्तावनेत एके ठिकाणी जाता जाता उल्लेख आहे, की अँड्र्यू बेल आणि जोसेफ लँकॅस्टर यांनी इंग्लंडात गाजवलेली पद्धत हिंदुस्थानातून उचललेली समजली जाते. जाता जाता! मी तिथेच थांबलो. पुढची पानं त्या दिवशी वाचलीच नाहीत. हा बेल कोण, म्हणून जे शोधायला लागलो ते अजून सुटलेलं नाही.

बेल स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचा, जन्म १७५३ चा. अँग्लिकन पाद्री झाला आणि १७८७ साली मद्रासला आला. माणूस व्यवहाराला पक्का. थोड्याच दिवसांत एकाच वेळी अनेक पलटणींचं पाद्रीपण त्याने पदरात पाडून घेतलं आणि हिंदुस्थानातून परतताना चांगली गडगंज माया घेऊन गेला. पण १७८९ मध्ये एग्मोरला लष्करी अनाथ मुलांसाठी आश्रमशाळा निघाली, तिचं काम मात्र त्याने पगार नाकारून केलं. शाळेतली पोरं बहुतेक इंग्रज सोल्जरांची आणि देशी आयांची. बाप लढाईत किंवा तापाने गेलेला, आई दूर केलेली. मास्तर मिळायचे ते आळशी. कोणी शिकून तयार झाला की जास्त पगाराची नोकरी पाहून निघून जायचा.

एके दिवशी सकाळी बेल घोड्यावरून चालला होता. वाटेत एक देशी शाळा दिसली. पोरं जमिनीवर बसलेली, समोर वाळू पसरलेली, वाळूत बोटाने अक्षरं काढणं चाललेलं. झालं! साहेब घरी परतला तो ओरडतच, की सापडलं म्हणून. आर्किमिडीजचा तोच तो ग्रीक शब्द म्हणत. मला हे वाचताना हसू आवरेना. आपल्याकडे शेकडो वर्षं पोरं धूळपाटीवर श्री काढत आली, त्यात कोणाला ओरडावंसं वाटलं नाही. आमच्या पंतोजींना पाटी-पेन्सिल परवडत नव्हती, कागद तर त्याहून नाही, म्हणून धूळ. लिहा, पुसा, पुन्हा लिहा, खर्च शून्य. बेलला कळलं ते हेच: शंभर पोरांना अक्षरओळख द्यायला शंभर कागद लागत नाहीत.

त्याने आपल्या मास्तरांना सांगितलं, वाळूत शिकवा. मास्तर म्हणाले, असं कुठे होतं का. (मास्तर लोक जगात सगळीकडे सारखेच असावेत. नवीन परिपत्रक आलं की पहिलं उत्तर हेच.) मग बेलने खालच्या वर्गावर शिकवायला चक्क एक पोरगा बसवला. जॉन फ्रिस्कन त्याचं नाव, एका साध्या शिपायाचा मुलगा, वय आठ-साडेआठ वर्षं. आठ वर्षांचा मास्तर! आणि मोठ्या मास्तरांना जे होईना ते या पोराने करून दाखवलं. पोरं अक्षरं शिकली. मग बेलने एकेक वर्ग असाच पोरांच्या हाती दिला. वरच्या वर्गातला हुशार मुलगा खालच्या वर्गाचा शिक्षक, त्याच्या हाताखाली मदतनीस मुलगा, जोड्या लावलेल्या, एकाने दुसऱ्याची उजळणी घ्यायची. शिकवणाऱ्याचंच जास्त पक्कं होतं, हे बेलने पुढे जन्मभर सांगितलं. १७९६ मध्ये तो परतला आणि १७९७ साली लंडनमध्ये या प्रयोगावर त्याचं छोटंसं पुस्तक निघालं. पद्धतीला नाव पडलं ‘मद्रास पद्धत’.

आता थोडं मागे जाऊ, कारण इथे मला अजून एक घबाड मिळालं. पिएत्रो देल्ला वाल्ले नावाचा इटालियन प्रवासी १६२३ साली कर्नाटकात इक्केरीच्या बाजूला फिरत होता. एका देवळाच्या ओसरीवर त्याला चार पोरं दिसली. मास्तर नाही, कोणी मोठं माणूस नाही. जमिनीवर बारीक वाळू पसरलेली. एक मुलगा सुरात आकडे म्हणतो, म्हणता म्हणता वाळूत बोटाने लिहितो, बाकीचे त्याच्यामागून म्हणतात आणि लिहितात. वाळू भरली की पुसून नवी. हा विचारतो, बाबांनो, तुम्ही सगळेच शिकणारे, मग चुकलं तर सांगणार कोण? पोरं म्हणतात, चौघेही एकदम एकच गोष्ट विसरणं कसं शक्य आहे! काय उत्तर आहे हे! चारशे वर्षांपूर्वी, देवळाच्या ओसरीवर, लहान पोरांचं. अध्यापनशास्त्राच्या सेमिनारमध्ये तीन दिवस बसूनही मला कोणी इतकं नेमकं बोललेलं ऐकू आलेलं नाही.

हे सगळं घेऊन मी शेजारच्या निवृत्त गुरुजींकडे धावलो. त्यांची उभी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली, दर्यापूर तालुक्यातल्या खारपाणपट्ट्यात. मला वाटलं, त्यांना धक्का बसेल. त्यांनी चहा बशीत ओतला आणि म्हणाले, “त्यात काय नवल आहे बापू? मी एकटा मास्तर अन् चार वर्ग. चौथीतलं हुशार पोट्टं पहिलीवर बसवलं नाही तं शाळा चालन कशी?”

मी म्हटलं, गुरुजी, पण यावर इंग्लंडमध्ये हजारो शाळा उभ्या राहिल्या.

“राहू दे ना. आमच्याबी राह्यल्याच. पण एक सांगतो, जे पोट्टं शिकवते ना, त्याचंच पक्कं होते. अन् त्याले वर्गात मान भेटते थे येगळंच.”

म्हणजे बेल जे जन्मभर सांगत होता, ते गुरुजींनी बशीतला चहा संपेपर्यंत सांगून टाकलं.

मीसुद्धा तसाच शिकलो आहे. सकाळी परिपाठ, मग गुरुजी तिसरी-चौथीला गणित घालायचे आणि आम्हा पहिलीच्या पोरांना चौथीतली एक मुलगी बाराखडी म्हणवून घ्यायची. हातात गुरुजींची छडी, आवाजही गुरुजींचाच काढायची. पाढे तर असेच. एकाने पुढे उभं राहून ‘बे एके बे’ म्हणायचं, बाकी वर्ग मागून. पावकी, निमकी, पाऊणकी म्हणणारी पिढी आमच्या आधीची, पण सूर तोच. मेळघाटातल्या दोनशिक्षकी शाळांमध्ये आजही याच्याशिवाय गत्यंतर नाही. आणि मला हे कळायला लंडनवरून फिरून यावं लागलं.

लंडनला मात्र या पद्धतीवरून जुंपली. बेलच्या मागोमाग लँकॅस्टर नावाचा क्वेकर पंथाचा तरुण हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर करायला लागला. पहिल्यांदा शोधलं कोणी, यावर दोघांच्या पाठीराख्यांमध्ये वर्षानुवर्षं भांडण. लँकॅस्टरच्या शाळा सगळ्या पंथांच्या पोरांसाठी. चर्चला घाम फुटला, की ही गरीब पोरं आता आपल्या हातून जाणार. म्हणून ऑक्टोबर १८११ मध्ये अँग्लिकन लोकांनी नॅशनल सोसायटी काढली. उद्देश सरळ होता, की दर पॅरिशमध्ये, म्हणजे दर चर्चच्या हद्दीत, एक शाळा आणि त्या शाळेत चर्चच्या मताप्रमाणे शिक्षण. पद्धत बेलची. वर्ड्सवर्थ, कोलरिज, साउदी हे कवी बेलच्या बाजूने. पुढची काही दशकं हजारो शाळा निघत गेल्या. धाकट्या पोरांपुढे वाळूचे ट्रे ठेवलेले. इंग्लंडच्या थंडीत, दगडी भिंतीच्या खोलीत, ओल्या हवेत वाळू! कोरडी कशी ठेवत असतील देव जाणे.

लँकॅस्टरबद्दल एक गंमत सांगायची राहिली. तो छडीच्या विरोधात होता, पण खोडकर पोराला टोपलीत घालून छताला टांगायचा, गळ्यात लाकडाचा ओंडका अडकवायचा. आमच्या पंतोजींची ‘घोडी’ आठवली. पोराचे हात वर बांधून लटकवायचा तो प्रकार, आजोबांच्या पिढीने सांगितलेला. ही पद्धत मात्र कोणी कोणाकडून उचलली याचा शोध मी मुद्दामच घेतला नाही.

आणि मग वाळू परत आली. माझ्या मते खरी मौज इथे आहे. मुंबईच्या फोर्टमधलं सेंट थॉमस चर्च १७१८ च्या नाताळात उघडलं. चर्चगेट स्टेशनला नाव ज्या दरवाजावरून मिळालं, तो या चर्चकडे जाणारा किल्ल्याचा दरवाजा. तिथल्याच पाद्र्याने, रिचर्ड कॉबने, गरीब पोरांसाठी धर्मादाय शाळा सुरू केली होती. १८१५ साली मुंबईचे पहिले आर्चडीकन जॉर्ज बार्न्स यांनी तिच्या पाठीशी एक संस्था उभी केली, मुंबई इलाख्यातल्या गरिबांच्या शिक्षणासाठी. तिला बॉम्बे एज्युकेशन सोसायटी म्हणतात. शिकवायची पद्धत कोणती? बेलची! मद्रासहून लंडनला गेलेली वाळू मुंबईच्या बंदरावर ‘विलायती सुधारणा’ म्हणून उतरली. अमरावती-मुंबई गाडीने जाताना देवळाली येतं, तिथली बार्न्स स्कूल १९२५ ची, याच संस्थेची. मी कितीदा तिथून गेलो असेन, दरवेळी माझं लक्ष फक्त वडापाव आला का याकडे.

या अँग्लिकन संस्थेने इथल्या देशी पोरांसाठीही दोनचार शाळा काढल्या. पण बायबल आलं तर आईबाप पोरं पाठवणार नाहीत, हे माउंट स्ट्युअर्ट एल्फिन्स्टनसारख्या गव्हर्नराला चांगलं कळत होतं. १८२० मध्ये देशी मुलांच्या शाळा आणि पुस्तकांसाठी वेगळी समिती केली, १८२२ मध्ये ती स्वतंत्र संस्था झाली आणि १८२७ पासून तिचं नाव बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी. आता ही संस्था मराठी माणसाला अनोळखी नाही. सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे हे तिचे नेटिव्ह सेक्रेटरी. १८२८ साली त्यांचं ‘बाळमित्र’ आलं, मराठी मुलांसाठीच्या पहिल्या छापील पुस्तकांपैकी. पुढे त्या जागेवर बाळशास्त्री जांभेकर आले. ‘दर्पण’ काढणारे, विशीत असलेले बाळशास्त्री! म्हणजे मराठी शाळेची, मराठी क्रमिक पुस्तकाची नाळ मागे मागे नेत गेलं तर ती एका अँग्लिकन चर्चच्या दारात जाऊन पोचते, आणि तिथून पुन्हा मागे नेली तर मद्रासच्या ओसरीवर. हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही, एवढंच सांगतो.

वऱ्हाड त्या वेळी निजामाकडे. १८५३ च्या तहाने ते इंग्रजांच्या हवाली झालं आणि १८६६ साली इथे शिक्षण खातं रीतसर उभं राहिलं. अकोला, अमरावती ही हायस्कुलांची गावं झाली. क्रमिक पुस्तकं मुंबई इलाख्यातली, मास्तर बरेचसे पुण्याकडचे नि कोकणातले. ‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ म्हणत कापसाच्या पैशामागे व्यापारी आले तसे खडू-फळ्यामागे मास्तर आले. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलं गेलं आणि त्याच साली नागपूरला अँग्लिकन बिशपची गादी स्थापन झाली. पहिले बिशप आयर चॅटर्टन. नागपुरात तोवर बिशप कॉटन स्कूल होतीच. कॉटन हे कलकत्त्याचे बिशप, त्याआधी इंग्लंडच्या रग्बी शाळेत थॉमस अर्नोल्डच्या हाताखालचे मास्तर. १८६६ साली बंगालात नदीत पडून बुडाले. हिंदुस्थानात राहणाऱ्या युरोपियन आणि अँग्लो-इंडियन पोरांसाठी शाळा हव्यात, हा त्यांचा ध्यास. आपल्या पोरांसाठी नव्हे. पण काळ बघा, आज त्या शाळेत विदर्भातलीच मुलं शिकतात, आणि १९७० च्या नोव्हेंबरात नागपुरातच अँग्लिकनांसह सहा चर्चचं मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. म्हणजे आता अँग्लिकन म्हणून वेगळं चर्चच इकडे उरलेलं नाही.

एवढ्यावर थांबलो असतो, पण अनुदानाची गोष्ट सांगितल्याशिवाय वऱ्हाडातला कोणीही मास्तर मला सोडणार नाही. अनुदानित, विनाअनुदानित, अंशतः अनुदानित, कायम विनाअनुदानित! आमच्याकडे लग्नाच्या बोलणीत मुलगा शिक्षक आहे म्हटलं की दुसरा प्रश्न हाच. तर हे प्रकरण सुरू होतं १८३३ साली. इंग्लंडच्या पार्लमेंटने पहिल्यांदाच शाळांच्या इमारतींसाठी वीस हजार पौंड दिले. सरकारच्या स्वतःच्या शाळाच नव्हत्या, मग दिले कोणाला? नॅशनल सोसायटीला आणि तिच्या प्रतिस्पर्धी, म्हणजे लँकॅस्टरच्या बाजूच्या संस्थेला. शाळा चर्चची, पैसा सरकारचा. पैसा दिला की हिशेब आला, १८३९ पासून तपासनीस आले. चर्च इतकं जबरदस्त, की चर्चच्या शाळा तपासणारा माणूस आर्चबिशपच्या पसंतीचाच हवा, अशी अट त्यांनी मान्य करून घेतली. म्हणून मॅथ्यू अर्नोल्ड, एवढा मोठा कवी, पस्तीस वर्षं शाळा तपासत फिरला तो सुरुवातीला बिगर-अँग्लिकन शाळाच. १८६२ मध्ये तर निकालावर अनुदान सुरू झालं. तपासनीस येणार, पोरांना वाचायला लावणार, पास पोरांच्या संख्येवर पैसे.

हीच संस्थेला अनुदान देण्याची कल्पना १८५४ च्या वुडच्या खलित्यातून हिंदुस्थानात आली. खासगी संस्थेने शाळा काढावी, सरकारने तपासावी आणि मदत द्यावी. आमच्या आज्यापणज्यांच्या आठवणींतला तो ‘दिपोटी’, ज्याच्या येण्याच्या आदल्या दिवशी शाळा सारवून निघायची आणि हुशार पोरं पुढच्या रांगेत बसवली जायची, तो त्या आर्चबिशपच्या पसंतीच्या तपासनीसाचा इकडचा चुलतभाऊ. आणि ज्या संस्थांनी वऱ्हाडातल्या कुणब्या-माळ्यांची पोरं शिकवली, त्या याच वाटेने मोठ्या झाल्या.

भाऊसाहेब पंजाबराव देशमुखांचं नाव घेतल्याशिवाय अमरावतीत शिक्षणावर बोलता येत नाही, आणि घेताना मला पुन्हा बेल आडवा आला. बेल १८३२ मध्ये वारला, वेस्टमिन्स्टर ॲबेत पुरला गेला. त्याच्या पैशातून सेंट अँड्र्यूजला शाळा निघाली, तिचं नाव मद्रास कॉलेज. स्कॉटलंडमध्ये आजही चालू असलेल्या शाळेचं नाव मद्रास! त्याच्याच पैशातून १८७६ मध्ये एडिंबरा विद्यापीठात शिक्षणशास्त्राचं अध्यासन स्थापन झालं. पंजाबराव एडिंबऱ्यालाच एम. ए. झाले, मग ऑक्सफर्डला डॉक्टरेट. परत आल्यावर १९२७ च्या सुमारास अंबादेवीचं देऊळ अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून झगडले आणि १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली. बेलचा आणि त्यांचा थेट संबंध जोडायचा मोह मला होतो आहे, पण तो मी आवरतो. तसा पुरावा नको का.

आता जे धरमपालांशी पटलं नाही ते. ओसरीवरची शाळा सुंदर होती, स्वस्त होती, हुशार होती, सगळं मान्य. पण त्या ओसरीवर कोणाच्या पोराला चढता येत होतं? महार-मांगांच्या पोराला नाही. मुलींना जवळजवळ नाहीच. धरमपालांच्या आकड्यांत शूद्र म्हणून नोंदलेली मुलं भरपूर दिसतात आणि ते महत्त्वाचंच आहे, पण तो मद्रास इलाखा. आमच्याकडचं चित्र जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे मांडलं, की कर भरतो शेतकरी आणि शिकतात वरच्या जातींची पोरं. प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही मागणी त्यांनी तेव्हाच केली. आणि तिकडे बेलसुद्धा काही संत नव्हता. गरिबांच्या सगळ्या पोरांना लिहिणं आणि हिशेब शिकवायची गरज नाही, नाहीतर ती आपल्या पायरीबाहेर जातील, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. म्हणजे रीत नेली ओसरीवरची, आणि ‘आपापल्या पायरीने राहा’ हा विचार त्याला तिकडेही आयता मिळाला. गंमत अशी, की वाळूत अक्षर काढणाऱ्या पोराला पायरी कळत नाही. फ्रिस्कनसारखा शिपायाचा पोरगा मास्तर झाला ना! माझ्या लेखी या साऱ्या कहाणीचा नायक बेल नाही, बार्न्स नाही, तो फ्रिस्कन आहे आणि ती चौथीतली मुलगी.

तर आता तुमच्याकडे एक मागणं. वऱ्हाडात जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळा शंभरी ओलांडलेल्या आहेत. पटसंख्या घटली म्हणून काही बंद होतील, काही दुसरीकडे जोडल्या जातील, आणि कपाटातले जुने कागद रद्दीत जातील. त्यांत शेरेबुकं आहेत, तपासणीचे शेरे आहेत, दाखल-खारीज रजिस्टरं आहेत, ज्यात तुमच्या पणज्याच्या नावापुढे जात, धंदा आणि शाळा सोडल्याचं कारण लिहिलेलं आहे. गावाकडे गेलात की हेडमास्तरांना भेटून ती बघायला मागा, पानांचे मोबाइलवर फोटो काढा, आणि घरात कोणाकडे धूळपाटी उरली असेल तर ती मोडीत देऊ नका.